काशा, तुझ्या डब्यातली एकतीस माणसं

काशा,

तुझा डबा कॅम्प बॉसनं माझ्या हातात दिला त्या दिवसापासून मी धड एका जागी बसलेलो नाही. दोन महिने झाले. ड्युटीवर असतो तेव्हा बरं असतं. कोणाच्या हेल्मेटचा पट्टा सुटलाय, कोणाचा हार्नेस ढिला आहे, बघत राहता येतं. रूमवर आलो की तू सुरू होतोस. म्हणून लिहायला बसलोय. तुला वाचायचा कंटाळा, माहीत आहे. तरी ऐक.

तुझ्या सामानाची यादी होत होती तेव्हा मी शेजारी उभा होतो. कपडे, बूट, ब्लँकेट, दोन बॅगा, कॅमेरा. मग तो बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा निघाला. कॅम्प बॉसनं झाकण उघडून आत पाहिलं आणि यादीत लिहिलं, 'मिसलेनियस पेपर्स'. मी म्हटलं, "साहब, ये पेपर नहीं है. लोग हैं इसमें."

तो दमलेला होता, वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "हबीबी, घरवालों का नहीं है तो तुम रखो. साइन करो, खलास."

मी सही केली. एकतीस फोटो होते. ना तुझे, ना माझे. ज्याचा फोटो त्याचा, हा तुझा नियम. ज्यांना आठ खाटांच्या खोलीत ठेवायला जागा नव्हती ते तुझ्याकडेच ठेवून जायचे, "सुट्टीवर निघालो की नेईन" म्हणून. मागच्या बाजूला ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं, हाही तुझाच नियम. कोणी फोन नंबर लिहिलाय, कोणी 'दिवाळीला नेईन' लिहिलंय. एकाला लिहिता येत नव्हतं, त्यानं कोंबडी काढलीय. कोंबडी झकास आहे, पण ती बघून मी माणूस कुठे शोधू? तुला सगळे तोंडपाठ होते. ते पाठांतर तुझ्याबरोबर गेलं.

आपली पहिली भेट आठव. प्लांटच्या गेटवर सिक्युरिटीनं तुझ्या बॅगेतून कॅमेरा काढला आणि मला बोलावलं, कारण मी सेफ्टी ऑफिसर आणि तू मराठी.

"आत कॅमेरा न्यायचा नसतो. इंडक्शनमध्ये झोपला होतास काय?"

"हो," तू म्हणालास. एवढं खरं बोलणारा माणूस मी गेटवर पहिल्यांदा बघत होतो. वर मलाच हुकूम, "साहेब, लॉकरमध्ये ठेवा. पण उन्हाच्या बाजूला नको, आतली फिल्म नासते."

मग माझ्या छातीवरचं नाव वाचलंस. "भोये? जव्हारकडचे?"

"हो."

"कोकणा ना?"

"कोकणा. बीएस्सी."

कोणी विचारलेलं नसताना बीएस्सी सांगायची मला सवय आहे आणि ती मी सोडणार नाही. आमच्या पाड्यात माझ्याआधी कोणी बारावीच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. कॉलेजात फिजिक्सचं प्रॅक्टिकल असायचं त्या दिवशी मी पहाटे निघून अकरा किलोमीटर चालायचो. ती डिग्री मला कोणी वाटेत सापडलेली म्हणून दिलेली नाही. तू हसलास. म्हणालास, "मी वारली. तलासरी. नववी नापास." आणि त्या दिवसापासून अबुधाबीच्या या टोकाला, रुवैसमध्ये माझं नाव भोये राहिलं नाही. प्लांटभर ओरडायचास, "ओ बीएस्सी!" माझा सुपरवायझर केरळचा, तोसुद्धा 'मिस्टर बीएस्सी' म्हणायला लागला.

तू स्कॅफोल्डर. दिवसभर पाइप आणि क्लॅम्प घेऊन माणसं चढतील अशी परांची बांधायचास. रविवारी सुट्टी, की निघालास कॅमेरा घेऊन. दुबईला, देऱ्यात जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेला तो जाडजूड कॅमेरा, बटण दाबलं की तोंडातून फोटो बाहेर टाकणारा. मी विचारलं होतं, हातात चांगला फोन असताना हे खेळणं कशाला? तू म्हणालास, "येशील का एकदा? मग विचार."

आलो. अबुधाबीजवळ मुसफ्फाहच्या एका लेबर कॅम्पमध्ये, मेसच्या रांगेत. तू माणसांना गाव विचारायचा नाहीस. पाडा विचारायचास. "पाडा कुठला?" ज्याला पाडा म्हणजे काय ते माहीत नाही तो पुढे सरकायचा, आणि ज्याचं ताट जरा थांबायचं तो आपला. भिल्ल, पावरा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी. मला वाटायचं, या अख्ख्या देशात आपल्यातला मीच एक आलोय. पाडा म्हटल्यावर त्या एका रांगेत तीन ताटं थांबली, काशा.

तुझी काम करायची पद्धत मी सेफ्टीच्या पुस्तकात लिहून काढावी अशी होती. टिफिनच्या खालच्या डब्यात गोठवलेल्या ताकाची, लबनची, बाटली, वरच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली फिल्म. इथल्या उन्हात फोटो लाल-पिवळा होतो, माणूस काविळीचा दिसतो, म्हणून फोटो बाहेर पडला की लगेच पालथा करून त्या थंड डब्यात. झाकण बंद. मग दहा-पंधरा मिनिटं तो माणूस आणि तू समोरासमोर बसायचात, मध्ये टिफिन. तू म्हणायचास, "शिजतोय." फोटो हलवायचा नाही, उघडून बघायचा नाही, फोन काढायचा नाही. या पंधरा मिनिटांसाठीच तू ते सगळं करायचास, हे मला फार उशिरा कळलं. कारण तेवढ्या वेळात माणूस बोलायला लागायचा. कोणाची बहीण बीएड करतेय, कोणाच्या पाड्यात टॉवर आला पण पाणी नाही, कोणी क्रेनचं लायसन्स काढलं. तू फक्त 'हं' म्हणायचास. मग झाकण उघडून फोटो त्याच्या हातात. तो बघायचा. तू बघायचा नाहीस. त्यानं दाखवला तर बघायचास.

"एकच निघतो," तू प्रत्येकाला सांगायचास. "याची कॉपी नाही. माझ्याकडेपण नाही. तुझा."

हे का, ते तू मला एकदाच सांगितलंस, आणि तेही बस पंक्चर झाली म्हणून. तू लहान असताना शहरातून माणसं आली, मोठे कॅमेरे घेऊन. तुझ्या आजीला घराच्या भिंतीपाशी बसवलं, पदर असा घ्या, तसा घ्या, हात इथे ठेवा. अर्धा दिवस बसवलं. फोटो पाठवू म्हणाले. आजी पोस्टमनला विचारत राहिली. मग सातवीत असताना तू तालुक्याला एका पतसंस्थेत गेलास कुणाबरोबर तरी, तर भिंतीवर कॅलेंडर, आणि नोव्हेंबरच्या पानावर आजी. खाली छापलेलं, 'आदिवासी वृद्धा'. तू म्हणालास, "नाव होतं रे तिला." क्लार्कला पान मागितलंस. तो म्हणाला, वर्ष संपलं की घेऊन जा. तू जानेवारीत चालत गेलास. कॅलेंडर बदललेलं होतं, जुनं कोणी टाकून दिलं होतं. आजीनं स्वतःचा तो फोटो कधी पाहिलाच नाही.

एवढं ऐकूनही मी काय केलं ते आता सांगतो. तुला माहीत आहे, पण मी तुझ्या तोंडावर कधी नीट कबूल केलेलं नाही.

दिलवर वसावे. अक्कलकुव्याकडचा भिल्ल, दुबईच्या करामा भागातल्या हॉटेलात तंदूरवर. त्याचा फोटो काढलास तेव्हा मी होतो. हॉटेलच्या मागच्या बाजूला, एसीच्या डब्यांच्या ओळीत. तू त्याला काहीच सांगितलं नव्हतंस, त्यानं आपणहून उजवी बाही कोपरापर्यंत वर केली. हातभर गोंदण. आईनं जत्रेत गोंदवून घेतलेलं. एरवी चुलीसमोर घाम गळत असतानाही तो पूर्ण बाहीचा शर्ट घालायचा. त्यानं हॉटेलात सगळ्यांना सांगितलं होतं की तो नाशिकचा, बस एवढंच. फोटो शिजल्यावर त्यानं बराच वेळ पाहिला आणि तुझ्या हातात दिला, "तुझ्याजवळच ठेव भाऊ. रूमवर नको." परतीच्या बसमध्ये तू डबा मांडीवर ठेवून झोपलास. मी झाकण उघडलं. फोटो इतका चांगला आला होता, काशा! तो माणूस राजासारखा उभा होता. मी फोन काढला, फोटोचा फोटो घेतला आणि स्टेटसला टाकला. 'आमचे आदिवासी बांधव थेट दुबईत! अभिमान!' खाली झेंडा, मूठ, सगळं.

मला वाईट करायचं नव्हतं. मला अभिमानच होता, अजून आहे. पण स्टेटस कोणीतरी उचललं, ग्रुपवर टाकलं, आणि ते करामातल्या त्या किचनमध्ये पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. दिलवर भट्टीपाशी गेला की मागून कोणीतरी पातेल्यावर ढोल वाजवायचा. "अरे झिंगालाला! तीर-कमान कहाँ है?" कोणी विचारायचं, "कच्चा खाता है क्या तू?" त्यानं तुला फोन केला. मला नाही. माझा नंबर असूनही मला नाही.

तू माझ्या रूमवर आलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं.

"काढ," म्हणालास.

"काढलं कालच. पण काशा, चूक हसणाऱ्यांची आहे. आपण किती दिवस लपून राहायचं? माझ्या शाळेच्या पुस्तकात आपला माणूस होता तो तीरकमठा घेऊन, उघडा. कॉलेजच्या पुस्तकात तर नव्हताच. आता हेल्मेट घातलेला, नर्सचा ड्रेस घातलेला, तंदूरवरचा आपला माणूस लोकांनी बघायला नको?"

"बघू दे. त्यानं दाखवला तर."

"आणि तो लपवत राहिला तर?"

"त्याचं लपणं त्याचं आहे, बीएस्सी. तुझ्या बापाचं नाही."

"नववी नापास माणसानं मला शिकवू नये," मी म्हणालो.

हो, म्हणालो. ते वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत शंभर वेळा परत घेऊन पाहिलंय, जात नाही. तू दारात चप्पल घातलीस आणि गेलास. पुढे तीन महिने 'ओ बीएस्सी' बंद. प्लांटमध्ये तू मला भोये साहेब म्हणायला लागलास. माझं स्वतःचं नाव, आणि ते ऐकायला नको वाटायचं.

माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं ठाऊक आहे ना? सकाळी परांचीखाली. तू वर चढत होतास. मला म्हणायचं होतं की उद्या रविवारी करामाला जातो, दिलवरला भेटतो, येतोस का. मी म्हणालो, "हार्नेस तपासलास?" तू अंगठा दाखवलास. हार्नेस ठीक होता. परांची ठीक होती. तू पडला नाहीस, माझ्या रिपोर्टमध्ये लिहिण्यासारखं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, खाटेवर बसून संत्रं सोलता सोलता तुझं हृदय थांबलं. आठ वर्षं मी माणसांना उंचीवरून पडण्यापासून वाचवतोय, आणि तू बसल्या जागी गेलास. याचा राग कोणावर काढू? चेकलिस्ट नाही याची माझ्याकडे.

तुझ्यामागे दोन आठवड्यांनी केतकीचा फोन आला. करामात वाढलेली आपली मराठी मुलगी, डिझाइनचं काम करते, तिच्या मित्रमंडळींचा तिथे एक हॉल आहे. तुझ्याबद्दल तिला कोणाकडून तरी कळलं होतं. भेटायला बोलावलं, मी डबा घेऊन गेलो. झाकण उघडल्यावर तिनं एकेक फोटो कडेनं धरून बघितला. मग म्हणाली, "दादा, धिस इज अनबिलीव्हेबल. हे सगळे इथे आहेत? यूएईमध्ये? मी इथेच बॉर्न आहे आणि मला माहितीच नाही." तिला फोटो स्कॅन करून दरवाजाएवढे मोठे करायचे होते. हॉलच्या चारी भिंती. उद्घाटन, पाहुणे. "आणि प्रत्येकाला वारली बॉर्डर देऊ या?"

"यात वारली चार आहेत," मी म्हटलं. "बाकीच्यांना का?"

"ओह. सॉरी दादा. आय डिडंट नो." पोरगी प्रामाणिक आहे. लगेच वहीतलं खोडलं. "पण फोटो तर देणार ना? मला पुढच्या महिन्यातला एकच संडे मिळतोय. तुम्ही हो म्हणा, बाकी मी बघते."

आता खरं सांगू? माझ्या तोंडात 'हो' तयार होतं. मी मागच्या सीटवर डबा ठेवून रुवैसला परत येताना चार तास त्याच भिंती बघत होतो. आपली एकतीस माणसं, दुबईत, दरवाजाएवढी. ज्या दिवशी माझ्या पाड्यातला कोणी तो हॉल बघेल त्या दिवशी त्याला बीएस्सी करावंसं वाटेल. हे माझं स्वप्न खोटं नाही. आणि कोण विचारणार होतं? तू नव्हतास. सही माझी होती, मिसलेनियस पेपर्स माझे होते. दिलवरला कळायच्या आत रविवार संपलाही असता.

मग मी रूमवर येऊन डबा परत उघडला आणि फोटो पालथे घातले. पुढून बघितलं की मला भिंत दिसायची. मागून प्रत्येकाचं अक्षर. 'दिवाळीला नेईन.' 'सांभाळ.' 'हा बाबूचा.' मी केतकीला मेसेज केला, विचारून सांगतो. ती म्हणाली, "शुअर दादा, पण बाय व्हेन?" मी म्हटलं इन्शाल्ला. इथे राहून तेवढं शिकलोय.

पाच रविवार फिरलो. तुझा टिफिनसुद्धा बरोबर नेत होतो, का ते माहीत नाही, रिकामाच. रुवैसमधले सहा जण सोपे होते. सात जण नोकरी संपून घरी गेलेले, त्यांचे फोटो सुट्टीवर जाणाऱ्यांबरोबर पाठवले, पाकिटावर नाव घालून. देऱ्यात बाबू भेटला, वीस माणसांच्या खोलीत. त्यानं फोटो घेतला आणि तू गेल्याचं ऐकून जिन्यावरच बसला. म्हणाला, "काल त्याला व्हॉइस मेसेज टाकला मी." लोकांना अजून तुझ्या मरणाचं माझ्या तोंडून कळत होतं, काशा. तू मला हे काम का ठेवून गेलास?

भिंतीचं विचारलं की बहुतेक जण आधी हसायचे. कोणी म्हणालं नको, घरचे विचारतील तिकडे नक्की काय करतोस. कोणी म्हणालं लावा की. अबुधाबीच्या क्लिनिकमधल्या सविता सिस्टर तुला आठवतात ना, कर्जतकडच्या ठाकर, पांढऱ्या ड्रेसमध्ये जिन्यावर फोटो काढलास त्या? त्यांनी चहा दिला आणि माझी उलटतपासणी घेतली.

"मोठा करणार म्हणजे कॉपी काढणार?"

"हो. स्कॅन."

"मग काशाभाऊंनी सांगितलेलं खोटं ठरलं."

"तसं नाही, सिस्टर. लोकांनी बघावं म्हणून."

"बघू देत. पण हाच लावा, एवढाच. आणि मी शेजारी उभी राहणार. ज्याला बघायचं त्यानं मलापण बघायचं, आणि काही विचारायचं तर मला विचारायचं. जाताना मी घेऊन जाणार."

मी त्या बाईकडे बघतच राहिलो. तू आणि मी वर्षभर भांडलो, तू म्हणायचास दाखवू नको, मी म्हणायचो दाखव, आणि आपल्या दोघांच्याही टाळक्यात आलं नाही की फोटोतला माणूस स्वतः येऊ शकतो. केतकीला सांगितलं तेव्हा मला वाटलं चिडेल. एवढ्या मोठ्या भिंतींवर तळहाताएवढे फोटो! ती म्हणाली, "देन वी नीड चेअर्स."

राहिला होता दिलवर.

मी दुपारी पोचलो, ऐन गर्दीत. निरोप पाठवला. तो बाहेर आला नाही. दीड तास मी मागच्या गल्लीत, त्याच एसीच्या डब्यांसमोर उभा. तो आला तेव्हा हातात टॉवेल, पूर्ण बाही.

"काय, अजून एक स्टेटस टाकायचंय?"

"नाही. तुझा फोटो द्यायला आलोय. काशा गेला, दिलवर."

"माहीत आहे." त्यानं हात पुसले. "तू त्याची माफी मागितलीस?"

"नाही."

"माझी?"

"आता मागतोय. चुकलो. अभिमानाच्या भरात चुकलो, पण चुकलो."

"अभिमान तुझा, आणि पातेलं माझ्या मागे वाजलं," तो म्हणाला. फोटो घेतला, बघितला नाही, शर्टच्या खिशात घातला. मी रविवारचं सांगितलं. म्हटलं, ये म्हणत नाही, फक्त सांगतोय. तो आत गेला. दार आपोआप बंद होणारं होतं, त्यानं आपटलं नाही, एवढंच मी बरोबर घेऊन आलो.

काशा, तो रविवार झाला. मागचाच. अकरा जण आले. आपापला फोटो पाकिटात, डायरीत, एकानं तर लायसन्सच्या प्लॅस्टिकमध्ये आणला होता. ज्यानं त्यानं आपली जागा निवडली, आपल्या हातानं टाचणी मारली आणि शेजारी खुर्ची घेतली. एवढ्या मोठ्या भिंतीवर दहा ठिपके. लोक लांबून बघूच शकत नव्हते, जवळ यावं लागत होतं, आणि जवळ आलं की माणूस समोर. करामातल्या, मूळ पुण्याच्या एका बाईंनी सविता सिस्टरना विचारलं, "तुम्ही खरंच ट्रायबल?" सिस्टर म्हणाल्या, "हो. तुम्ही खरंच पुण्याच्या?" दोघी हसल्या, मग बराच वेळ बोलत बसल्या. बाबूला एका शाळकरी मुलीनं इंग्रजीत विचारलं, डू यू मिस होम? त्यानं माझ्याकडे बघितलं, मी भाषांतर करणार तेवढ्यात म्हणाला, "येस. टू मच. यू?" तिचं होम करामाच आहे.

दहा ठिपके म्हटलं, कारण अकरावा दिलवर. तो आला. नवा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत. समोसे खाल्ले, चहा घेतला, बाबूच्या शेजारी बसला. केतकी त्याच्याकडे गेली. "दादा, तुमचा फोटो?"

"खिशात आहे."

"लावायचाय? मी टाचणी देऊ?"

"बघू."

तिनं परत विचारलं नाही. पाच वाजता सगळ्यांनी आपापले फोटो काढले. भिंतीला फक्त भोकं राहिली. केतकीनं फोनवर एकही फोटो काढला नव्हता, काढू दिलाही नव्हता, दारावर पाटीच लावली होती. मी खुर्च्या रचत होतो आणि डोक्यात तुझ्याशी भांडत होतो. कारण तू जिंकलास असं मी म्हणणार नाही. तो हॉल भरला होता, काशा, लोकांनी आपल्याला बघितलं, हे मला हवंच होतं आणि अजून हवंय. पण मीही जिंकलो म्हणता येत नाही. तू असतास तर निदान कोण हरलं यावर परत वाद घालता आला असता, आणि 'नववी नापास'वाल्या वाक्याची माफी मागून मी पहिल्यापासून सुरुवात केली असती. तीन फोटो अजून डब्यात आहेत. कोंबडीवालाही सापडलेला नाही. मी शोधतोय.

मी जिन्याशी आलो तर दिलवर तिथे थांबला होता. बाकीचे खाली उतरले होते.

"भोये," तो म्हणाला. त्यानं बाहीचं बटण काढलं नाही, काही नाही. खिशातून फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. हातात दिला नाही, धरला. "बघायचाय?"

तो फोटो महिनाभर माझ्या फोनमध्ये होता, मी तो मोठा करून करून पाहिला होता, गोंदणाचा एकेक ठिपका मला पाठ होता. पण हे त्यानं मला पहिल्यांदा विचारलं.

"हो," मी म्हटलं. दोन्ही हात पाठीमागे धरले आणि वाकून पाहिला, तो पुरे म्हणेपर्यंत.